ऊन तेवढेच, ताप वेगळा

१८५८ सालचा मे महिना. झाशी पडून महिना उलटला होता. राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांच्या फौजा काल्पीचा आसरा धरून लढत होत्या आणि सर ह्यू रोजचे सैन्य त्यांच्या मागावर होते. या मोहिमेत उठाववाल्यांचा एक हुकूम इंग्रजांच्या हाती लागला. गोऱ्या फौजेवर सकाळी दहाच्या आत हल्ला करू नका, ऊन चढू द्या. उन्हात लढावे लागले की गोरे एक तर मरतात, नाहीतर इस्पितळात जाऊन पडतात, असा त्याचा आशय होता. ७ मे रोजी कोंचला लढाई झाली. सावलीतला पारा ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या घरात होता. खुद्द रोज त्या दिवशी उन्हाच्या तडाख्याने पुन्हा पुन्हा खाली बसला. कित्येक शिपाई गोळी न लागताच दगावले.

या हुकुमात बुंदेलखंडाच्या, म्हणजे झाशी-काल्पीच्या मुलखाच्या, हवामानाचे पक्के ज्ञान आहे. सकाळी आठ वाजता सूर्य चांगला वर आलेला असतो, पण जमीन अजून तापायची असते. दहानंतर जमीन स्वतःच भट्टीसारखी होते. उघड्या माळावर उभ्या असलेल्या माणसाला तेव्हा चारी बाजूंनी उष्णता मिळते. डोक्यावरून सूर्याची, मातीवरून परावर्तित होऊन येणाऱ्या प्रकाशाची, तापलेल्या जमिनीतून निघणाऱ्या अदृश्य अवरक्त किरणांची आणि अंगावर आदळणाऱ्या कोरड्या वाऱ्याची. यांपैकी फक्त शेवटच्या गोष्टीचा पत्ता ‘सावलीतले ४३ अंश’ या आकड्यातून लागतो. बाकीच्या तिन्ही त्याच्या बाहेर राहतात.

हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर टांगलेला असतो. त्याला ऊन लागू नये, जमिनीची धग थेट पोचू नये आणि वारा मात्र खेळावा, अशी ती रचना आहे. हवेचे तापमान मोजायला हीच पद्धत योग्य आहे. पण उन्हाळ्यात बातम्या ऐकताना आपण या आकड्यालाच ऊन समजतो. २०२४च्या मे महिन्याच्या अखेरीस झाशीत ४९ अंशांची नोंद झाली आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत ती छापून आली. त्या दिवशी झाशीवर सूर्याची किती ऊर्जा पडली, हे मात्र कुठे छापले गेले नाही. छापले गेले असते तर वाचकाला आश्चर्य वाटले असते. ती ऊर्जा जुलैतल्या एखाद्या स्वच्छ, उघाडीच्या दिवसापेक्षा फार वेगळी नसते. जुलैतल्या त्या दिवशी पारा मात्र ३४-३५च्या पुढे जात नाही. ऊन जवळपास तेवढेच असताना तापमानात चौदा-पंधरा अंशांचा फरक कुठून येतो, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आकाशात थोडे आहे आणि जमिनीत पुष्कळ.

आधी झाशीची जागा पाहू. उत्तर अक्षांश साधारण साडेपंचवीस. कर्कवृत्त तिच्या दक्षिणेला जेमतेम दोन अंशांवर आहे. त्यामुळे मुंबई-पुण्यासारखा शून्य सावलीचा दिवस झाशीला येत नाही, पण २१ जूनच्या दुपारी सूर्य माथ्यापासून दोनच अंश कललेला असतो. घड्याळात तेव्हा सव्वाबारा वाजून गेलेले असतात. दिवस पावणेचौदा तासांच्या आसपास असतो. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून ४१ अंश एवढाच वर येतो आणि दिवस साडेदहा तासांवर उतरतो. नुसत्या भूमितीच्या हिशेबाने सर्वात तापलेला काळ जूनच्या उत्तरार्धात यायला हवा. प्रत्यक्षात झाशीचा पारा मेच्या शेवटी आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कळस गाठतो, आणि सूर्य जास्तीत जास्त वर असतो नेमके तेव्हा तो उतरणीला लागतो. उत्तर भारतात रोहिणीतल्या पहिल्या नऊ दिवसांना नौतपा म्हणतात. २५ मेच्या सुमारास तो सुरू होतो. आपल्याकडचा शेतकरी मृगावर डोळे लावून बसतो. झाशीत मृग बहुतेक कोरडाच जातो आणि पाऊस येतो तो आर्द्रात, २० जूननंतर.

आता ऊर्जेची मोजदाद. वातावरणाच्या माथ्यावर सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १,३६१ वॅट एवढी ऊर्जा पडते. वातावरणातली बाष्प, धूळ आणि वायू काही गिळतात, काही विखुरतात. मेमधल्या निरभ्र दुपारी झाशीच्या जमिनीवर ९०० ते १,००० वॅट पोचतात. घरच्या विजेच्या मीटरच्या भाषेत सांगायचे तर मेमध्ये दर चौरस मीटरला दिवसाला साडेसहा युनिटच्या आसपास, ऑगस्टमध्ये ढगांमुळे साडेचार ते पाच आणि डिसेंबरमध्ये सुमारे चार. म्हणजे मे ते ऑगस्ट या काळात ऊन पाव हिश्शाने किंवा थोडे जास्त कमी होते. कमाल तापमानाची सरासरी मात्र ४२-४३वरून ३२-३३वर येते.

ही मोजदाद करण्याच्या साधनांशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरचा तो परिसर अजूनही ‘सिमला ऑफिस’ याच नावाने ओळखला जातो. १९४८ साली ॲना मणी या पदार्थवैज्ञानिक तिथल्या उपकरण विभागात रुजू झाल्या. परदेशातून मागवलेली उपकरणे वापरून इथल्या उन्हाचा अभ्यास करण्यात अर्थ नाही, ती इथेच बनली पाहिजेत आणि दर उपकरणाची पारख एकाच प्रमाणावर झाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने भारतात प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे राहिले, त्याच्या मागे त्यांचे श्रम आहेत. १९८०च्या सुमारास त्यांनी भारतातल्या सौर प्रारणाची जी आकडेवारी ग्रंथरूपात आणली, तिच्यावर पुढे सौर ऊर्जेचे कितीतरी आराखडे बेतले गेले. मला हे काम कुठल्याही मोठ्या शोधाइतकेच मोलाचे वाटते. वर्षानुवर्षे, न चुकता, विश्वासाने मोजत राहणे हे आपल्याकडे दुर्मीळ आहे.

त्यातली दोन साधने जवळून पाहण्यासारखी आहेत. पहिले जुने, कॅम्पबेल-स्टोक्सचे. पितळी चौकटीत बसवलेला भरीव काचेचा गोळा आणि त्याच्या मागे वाटीसारख्या खोबणीत सरकवलेली निळसर पुठ्ठ्याची पट्टी. गोळा भिंगाचे काम करतो. सूर्य जसा सरकतो तसा प्रकाशाचा बिंदू पट्टीवरून सरकतो आणि मागे तपकिरी जळकी रेघ उमटत जाते. ढग आला की रेघ तुटते, गेला की पुन्हा सुरू होते. उन्हाळ्याला लांब वक्र पट्टी, हिवाळ्याला आखूड वक्र पट्टी आणि विषुवदिनांच्या आसपास सरळ पट्टी. संध्याकाळी ती काढून जळालेल्या रेघेची लांबी मोजायची. तेवढे तास ऊन. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली पट्टी हातात घेतली तर एकेका सरीची वेळ तिच्यावर वाचता येते. दुसरे साधन पायरॅनोमीटर. दोन काचेच्या घुमटांखाली एक काळी चकती असते. ऊन पडले की ती तापते, आणि तापलेल्या व न तापलेल्या भागांतल्या फरकातून काही मिलिव्होल्टचा विद्युतदाब निर्माण होतो. त्यावरून वॅट काढायचे. काचेवर धूळ बसली की आकडा घटतो. म्हणूनच आंधीनंतर, म्हणजे धुळीच्या वादळानंतर, पहिले काम काचा पुसण्याचे.

आकाशातून आलेले ऊन जमिनीवर पडल्यावर त्याचे काय होते, याचा ताळेबंद मांडू. झाशीभोवतीची जमीन बहुतांश ग्रॅनाइटची. किल्लासुद्धा अशाच एका ग्रॅनाइटी टेकडीवर उभा आहे. त्या खडकाची झीज होऊन झालेल्या मातीला शेतकऱ्यांनी चार नावे दिली आहेत. राकड म्हणजे खडीची, तांबूस, पातळ. पडवा म्हणजे हलकी, पिवळसर-तांबूस. काबर आणि मार या काळ्या, भारी. राकड आणि पडवा यांच्या खाली थोड्याच खोलीवर कातळ लागतो. पाणी मुरायला जागा थोडी आणि टिकायला त्याहून थोडी.

मेमध्ये गहू-हरभरा निघून गेलेला असतो, रान उघडे पडलेले असते. ढोबळ हिशेब असा. दुपारी ९५० वॅट पडतात. कोरडी, फिक्या रंगाची माती त्यातले पंचवीस ते तीस टक्के परत फेकते. उरलेले ६८० वॅट जमीन शोषते आणि तापते. उघड्या मातीचा पृष्ठभाग दुपारी ६० अंशांवर सहज जातो. ६० अंशांवरचा पृष्ठभाग स्वतः जवळपास ७०० वॅट अवरक्त प्रारण बाहेर टाकतो. गरम, धुळकट हवेकडून सुमारे ४३० वॅट परत मिळतात. वजाबाकी केली की जमिनीच्या हाती चारशेच्या आसपास वॅट राहतात. त्यांना जायला तीनच वाटा आहेत. एक, मातीत खोलवर. दुसरी, वरच्या हवेत. तिसरी, पाण्याची वाफ करण्यात. तिसरी वाट मेमध्ये बंद असते, कारण पाणीच नाही. पहिली वाट अरुंद. म्हणून जवळपास सगळा लोंढा हवेत जातो. तापलेली हवा वर चढते, वरची कोरडी हवा खाली येऊन तापते, आणि दुपारी तीन-चारपर्यंत जमिनीपासून तीन-चार किलोमीटर उंचीपर्यंतची हवा ढवळून निघते. राजस्थानकडून येणारा कोरडा पश्चिम वारा, म्हणजे लू, त्यात आणखी भर घालतो.

आता तेच रान जुलैत. चार दिवस पाऊस होऊन आज उघाडी आहे. दुपारी ८५० वॅट पडतात. ओली माती काळपट दिसते आणि वर तीळ-उडदाची हिरवळ आलेली असते, म्हणून परावर्तन १५ ते १८ टक्केच. शोषले जाते ७०० वॅट, म्हणजे मेपेक्षा थोडे जास्तच. पृष्ठभाग ३६ अंशांच्या आसपास असल्याने बाहेर जाणारे प्रारण ५२० वॅटच्या आत राहते. दमट हवेकडून ४४० मिळतात. हाती उरतात सहाशेहून अधिक. पहिल्यांदा हा हिशेब मांडणाऱ्या कुणालाही तो पुन्हा तपासावासा वाटतो. मेपेक्षा जुलैतल्या उघाडीत जमिनीकडे जास्त ऊर्जा शिल्लक राहते, आणि तरी जमीन थंड असते.

ती थंड राहते, कारण तिसरी वाट उघडते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट ऊर्जा लागते. जमिनीतून आणि पानांतून दिवसाला चार मिलिमीटर पाणी उडाले, म्हणजे दर चौरस मीटरमागे चार लिटर, तर २.७ युनिट त्यातच खर्ची पडले. पाच युनिट ऊन पडले असेल तर निम्म्याहून अधिक ऊन तापमापकाला न कळता निघून गेले. माठातले पाणी गार होते तेही याच कारणाने: झिरपलेले पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. माठ झिरपायचा थांबला की पाणी कोमट. बुंदेलखंडाची जमीन दरवर्षी आठ महिने झिरपायची थांबते.

वाफेत गेलेली ऊर्जा नाहीशी होत नाही, ती बाष्पात साठून राहते. जुलै-ऑगस्टची उघाडी लांबली की झाशीत ३५ अंशांतही जीव घाबरा होतो, घाम वाळत नाही, शेतात निंदणी करणारी माणसे सावली शोधतात. त्या हवेत एकूण ऊर्जा मेच्या ४५ अंशांतल्या कोरड्या हवेपेक्षा जास्त असू शकते. हीच साठवण पुढे गडगडाटी ढगाचे इंधन होते. आपल्या उष्णतेच्या इशाऱ्यांत पावसाळ्यातल्या या दमट तापाला अजून पुरेसे स्थान नाही, ही मोठी उणीव आहे.

पुण्यात हा हिशेब फार पूर्वी मांडला गेला होता. १९३२ साली हवामान खात्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे प्रमुख एल. ए. रामदास. त्यांनी आणि आर. के. द्रविड यांनी १९३६ साली मातीचे तापमान आणि पृष्ठभागावर पडणाऱ्या सौर ऊर्जेची वाटणी यांवर निबंध प्रसिद्ध केला. पुण्याच्या काळ्या मातीवर पांढऱ्या भुकटीचा अगदी पातळ थर पसरला तर माती किती थंड राहते, हे त्यांनी मोजून पाहिले. रंग बदलला, परावर्तन वाढले आणि खालच्या थरांपर्यंत उष्णता कमी पोचली. आज शहरांत गच्चीला पांढरा रंग लावण्याची जी चर्चा होते, तिचा हा पुणेरी पूर्वज.

रामदासांचा दुसरा शोध रात्रीचा आहे आणि तो झाशीच्या थंडीलाही लागू पडतो. निरभ्र, निवांत रात्री उघडी जमीन अवरक्त प्रारण टाकून गार होते. तेव्हा सर्वात थंड जागा जमिनीला चिकटूनच असणार, असे सगळे धरून चालले होते. रामदासांना ती जमिनीपासून काही इंच ते फूटभर वर सापडली. १९३२ साली त्यांनी आणि आत्मनाथन यांनी ते प्रसिद्ध केले तेव्हा परदेशी शास्त्रज्ञांनी उपकरणांवर शंका घेतली. पुढे इतरांनी मोजले आणि तो थर खरा निघाला. आज तो ‘रामदास थर’ म्हणून ओळखला जातो. जानेवारीत झाशीचा पारा दोन-चार अंशांवर येतो, वाटाणा-हरभरा फुलोऱ्यात असतो आणि पाला (गोठलेले दव) पडण्याची भीती असते. पिकाचा शेंडा नेमका याच उंचीवर असतो. पाला पडणार असे दिसले की शेतकरी रात्री हलके पाणी देतो. ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री सावकाश सोडते. पुन्हा पाणीच.

धुळीचे काम दुहेरी आहे. थरच्या वाळवंटाकडून येणारी धूळ मे-जूनमध्ये आकाश निळ्याऐवजी पांढुरके करते. थेट ऊन घटते, विखुरलेला प्रकाश वाढतो. पण रात्री हीच धूळ जमिनीचे अवरक्त प्रारण अडवून काही भाग खाली परत पाठवते आणि रात्रीचा पारा ३०च्या खाली उतरू देत नाही. संध्याकाळी उंच ढग जमतात, पाऊस सुटतो, पण खालच्या कोरड्या हवेत तो वाटेतच विरून जातो. विरताना हवा एकदम थंड आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर पसरत धुळीची भिंत पुढे ढकलते. हीच आंधी. तासाभरात पारा दहा अंशांनी उतरतो, झाडे आणि पत्रे उडतात, आणि दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत.

माणसाने सोडलेला धूर आणि सूक्ष्म कण यांचाही या हिशेबात वाटा आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील बी. पद्मा कुमारी, ए. एल. लोंढे, एस. डॅनियल आणि डी. बी. जाधव यांनी २००७ साली भारतातल्या बारा केंद्रांच्या नोंदी तपासल्या. १९८१ ते २००४ या काळात जमिनीवर पोचणारे ऊन दरवर्षी सरासरी ०.८६ वॅट प्रति चौरस मीटर या वेगाने घटत गेले होते. ऊन घटत असताना तापमान मात्र वाढत होते. या निबंधाचा निष्कर्ष असा की हवेतल्या प्रदूषणाने हरितगृह वायूंमुळे होणाऱ्या तापमानवाढीचा काही भाग झाकून ठेवला. हवा स्वच्छ करणे आवश्यकच आहे, पण ती स्वच्छ झाली की झाकलेला ताप उघडा पडेल, याची तयारी आतापासून हवी.

या सगळ्याला अस्थिर बनवतो तो पाऊस. झाशीला वर्षाला साधारण ८५० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूरपेक्षा हा आकडा मोठा आहे. तरी हा मुलूख निमशुष्क, कारण हवा वर्षाला त्याहून कितीतरी जास्त पाणी शोषू शकते, आणि ९० टक्क्यांच्या आसपास पाऊस जून ते सप्टेंबरच्या मोजक्या दिवसांत कोसळतो. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा थोडा दक्षिणेला असला आणि बंगालच्या उपसागरातून एखादे क्षेत्र मध्य प्रदेशावरून सरकत आले की बेतवा, पहूज, धसान दुथडी भरतात. तोच पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी गेला की बुंदेलखंडात उघाडी पडते. पातळ मातीतला ओलावा आठ-दहा दिवसांत संपतो, तिसरी वाट बंद होते आणि ऑगस्टमध्येच मेसारखा ताप सुरू होतो. कोरडी जमीन हवेला बाष्प देत नाही, त्यामुळे पुढच्या पावसाची शक्यता आणखी घटते. २००४ साली जगातल्या बारा हवामान प्रतिमानांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. मातीतल्या ओलाव्याचा पावसावर सर्वाधिक परिणाम होतो अशा जगातल्या मोजक्या प्रदेशांत उत्तर अमेरिकेची मध्यवर्ती मैदाने, आफ्रिकेतला साहेल आणि भारत होते.

१८९६-९७चा देशव्यापी दुष्काळ बुंदेलखंडातूनच सुरू झाला. २००८ साली जे. एस. सामरा यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय पथकाने या भागाचा अहवाल दिला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इथे सोळा वर्षांतून एकदा दुष्काळ पडे, १९६८ ते १९९२ या काळात त्याची वारंवारता तिपटीने वाढली, असे त्यात नोंदले आहे. पुढची उदाहरणे ताजी आहेत. २०१५च्या मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारांनी उभा रब्बी झोपवला. मराठवाडा-विदर्भाने वर्षभर आधी हेच भोगले होते. त्यानंतरचा पावसाळा कोरडा गेला. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावत होती, तेव्हा बुंदेलखंडासाठी टँकरची रेल्वे झाशीत येऊन थांबली होती. २०२२चा मार्च १९०१पासूनचा देशातला सर्वात उष्ण मार्च ठरला आणि दाणा भरण्याच्या वेळीच गहू होरपळला.

मग हे ऊन कशाला लावायचे? एक उत्तर सरकारने शोधले आहे. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी झाशी जिल्ह्यातल्या गरौठा इथे ६०० मेगावॅटच्या सौर उद्यानाची पायाभरणी झाली. ऊन भरपूर आणि जमीन पडीक, हा विचार बरोबर आहे. पण सौर पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि वरच्या दर अंशाला ती साधारण ०.४ टक्के घटते. मेच्या दुपारी पॅनेल ६५ अंशांवर गेले की सोळा टक्के वीज कमी. वर धूळ, आणि धूळ धुवायला पाणी.

दुसरे उत्तर जुने आहे. बुंदेलखंडात शेताच्या खालच्या अंगाला मातीचा उंच बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडून ठेवतात. याला हवेली म्हणतात. शेत चार महिने तळे होते, पाणी कातळाच्या भेगांत आणि विहिरींत मुरते, ऑक्टोबरमध्ये उरलेले सोडून ओल्या गाळात रब्बी पेरतात. गेल्या काही दशकांत अनेक हवेल्यांचे बांध फुटले आणि तसेच राहिले. झाशीत १९८८ साली स्थापन झालेली कृषिवानिकी संशोधन संस्था आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट यांनी २०११पासून बबीना तालुक्यातल्या परासई, छतपूर आणि बछौनी या तीन गावांत पाणलोटाचे काम केले. परासईची फुटलेली हवेली पक्क्या बांधकामाने पुन्हा उभी केली, नाल्यांवर बंधारे घातले, बांधांवर झाडे लावली. विहिरींची पातळी दोन ते पाच मीटरने वर आली.

हवेलीने झाशीचा मे थंड होईल, असे मी म्हणणार नाही. मेपर्यंत हवेलीही कोरडीच पडते, आणि ४९ अंशांचा दिवस तीन गावांच्या पाण्याने टळत नाही. तो हजार किलोमीटरच्या तापलेल्या जमिनीवरून आलेल्या वाऱ्याने घडतो. पण पावसाळ्यातली उघाडी सोसायला, मार्चमधल्या तापात गव्हाला एक पाणी द्यायला आणि जानेवारीत पाल्याच्या रात्री हरभरा वाचवायला विहिरीत पाणी लागते. मेच्या कोरड्या रानात तिसरी वाट उघडी ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे खोल मुळांचे झाड. मोहाच्या किंवा कडुलिंबाच्या पानाचे तापमान हवेच्या आसपास राहते, त्याच वेळी चार पावलांवरची माती साठीत असते. ज्याच्या मुळांना खाली ओल मिळते, तेच झाड हे करू शकते.

उष्णतेचे कृती आराखडे आता अनेक जिल्ह्यांत आहेत. त्यांत पाणपोया, ओआरएसच्या पुड्या, शाळांच्या वेळा, दवाखान्यांतल्या खाटा असतात, आणि त्या हव्यातच. त्याच आराखड्यांत फुटलेल्या हवेल्यांची दुरुस्ती, बांधावरची झाडे आणि मातीतल्या ओलाव्याची रोजची नोंद यांना जागा मिळाली पाहिजे. ही कामे आज पाटबंधारे आणि कृषी खात्यांच्या कागदांत पडून आहेत. ती उष्णतेचीही कामे आहेत, आणि त्यांचा खर्च उष्णतेच्या खात्यावर धरला पाहिजे.